तळं नसलेला बेडूक

श्रावणातली दुपार, पाऊस नुकताच हलका झालेला. आंबोलीच्या त्या घरामागून दगडी पायऱ्या खाली व्हाळाकडे उतरतात आणि पायऱ्यांच्या डाव्या अंगाला झाडोरा माजलेला होता. कारवी, दिंडा, रानहळद, मधूनच नेच्यांचे झुबके, सगळं एकमेकांच्या अंगावर रेललेलं. शेजारच्या खोलीत उतरलेल्या कुटुंबातल्या लहान मुलाला सकाळी तिथे चापडा साप दिसला होता. हिरवागार, फांदीला विळखा घालून निवांत बसलेला. मुलाच्या आईच्या जिवाचा थरकाप झाला. घरमालक काकांनी काही न बोलता कोयता काढला आणि अर्ध्या तासात पायऱ्यांची ती बाजू मोकळी केली. लाल चिखलात बुडखे तेवढे उरले. तोडलेल्या दिंड्याचा हिरवट वास संध्याकाळपर्यंत घरभर होता. आम्ही आलो त्या रात्रीपासून त्याच झाडोऱ्यातून एक आवाज येत होता, कोणी नखाने काचेवर टिचक्या माराव्यात तसा. टिक्, टिक्, टिक्. मग थोडी उसंत, मग पुन्हा. जेवून पायऱ्यांवर बसायचं आणि त्या आवाजाची वाट पाहायची, असं आमचं ठरूनच गेलं होतं. त्या रात्री व्हाळाच्या पलीकडून टिकटिक ऐकू आली, वरच्या रस्त्याच्या कडेनेही आली. पायऱ्यांकडून आली नाही.

मी काकांना बोलून दाखवलं. त्यात तक्रार नव्हती, तरी त्यांना ती ऐकू आली असावी. म्हणाले, “ताई, तुमका बेडूक व्हयो तर हयसर शंभर आसत.” मग थोडं थांबून, “आवाज रोज ऐकतंय मी. पण डोळ्यान कधी बघूक नाय.” जन्म त्या घरात गेलेला माणूस. पावसाळ्यातली प्रत्येक रात्र त्याने या टिकटिकीत काढली असणार, आणि ती करणारा प्राणी त्याने पाहिलेला नाही, यात मला काही नवल वाटलं नाही. तो दिसण्यासारखा नाहीच. काकांचं चुकलं असंही मला म्हणता येत नाही. चापडा विषारी आहे, पोर लहान होतं, आणि भेदरलेल्या आईला जंगलाचं महत्त्व समजावत बसणं हा उद्धटपणा झाला असता. कोणाचंच काही चुकलेलं नसताना काहीतरी हातचं गेल्याची ही रुखरुख मात्र परतीच्या वाटेवर, घाट उतरताना, सावंतवाडीच्या स्टँडवर, कुठेच सुटली नाही.

बेडूक तर उडी मारून दोन हात पलीकडे गेला असेल. अंड्यांचं काय झालं असेल?

तो आवाज करतो त्याला शास्त्रात राओर्केस्टिस बॉम्बेएन्सिस म्हणतात, इंग्रजीतून ऐकायची सवय असलेले बॉम्बे बुश फ्रॉग म्हणतात. झुडपी बेडकांच्या कुळातला, जेमतेम इंचभर लांबीचा. रंग वाळल्या पानाचा, त्यावर गडद नक्षी, ती प्रत्येकाची निराळी. बोटांच्या टोकांना चपट्या गाद्या असतात, त्यांच्या जोरावर तो ओल्या गुळगुळीत पानाच्या खालच्या बाजूलाही पाय रोवून बसतो. आवाज काढतो तो नर. गळ्याखालची पातळ कातडी फुगून डोक्याएवढी, कधी त्याहून मोठी होते, टॉर्चच्या उजेडात आरपार दिसते, आणि एवढ्याशा देहातून निघालेला आवाज समोरच्या उतारावर पोचतो. त्याला शोधणं म्हणजे स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडवून घेणं आहे. आवाज उजवीकडून येतोय म्हणून उजवीकडे वळावं तर तो समोरून येतो. जवळ जावं तर बंद. दिवा विझवून, श्वास रोखून, गळ्यात पाणी ओघळत असताना उभं राहावं, की मग हाताच्या अंतरावरून पहिली टिचकी ऐकू येते. इतकी जवळून की दचकायला होतं. तेव्हा दिवा लावला तर दिसतो, कारवीच्या पानाच्या देठापाशी, सोनेरी कड असलेले डोळे वटारून. आणि आपल्यालाच आपण आगंतुक वाटू लागतो.

लहानपणी आजोळी घरामागच्या खाचरात आम्ही बेडूकमासे पकडायचो. पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की पाणी काळ्या ठिपक्यांनी वळवळायला लागायचं. ओंजळीत घेतले की तळव्याला गुदगुल्या व्हायच्या. बाटलीत ठेवून रोज बघायचं, आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे, मग शेपूट आटते. शाळेच्या पुस्तकातली आकृतीही तीच, बाणांनी जोडलेली गोल साखळी. बेडूक म्हणजे पाण्यात सुरू होऊन जमिनीवर येणारा प्राणी, हे इतकं पक्कं बसलं होतं की झुडपी बेडकांविषयी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते वाक्य पुन्हा मागे जाऊन वाचलं. यांच्यात बेडूकमासा नसतोच. मादी पाण्यात अंडी घालत नाही. काही जातींत ती ओल्या मातीत, पाचोळ्याखाली घातली जातात, काहींत पानांवर. मोठा रानबेडूक डबक्यात हजारोंनी अंडी सोडतो, इथे ती मोजकी असतात, पण प्रत्येक अंडं बलकाने भरलेलं, आतल्या जिवाला शेवटपर्यंत पुरेल इतकी शिदोरी घेऊन आलेलं. जी वाढ माझ्या बाटलीत उघड्या पाण्यात होत होती ती इथे काचेसारख्या पारदर्शक वेष्टणात होते. आत पाय फुटताना दिसतात, डोळे काळे होताना दिसतात. काही आठवड्यांनी वेष्टण फाटतं आणि चार-पाच मिलिमीटरचा, चारही पाय असलेला, पूर्ण बेडूक बाहेर येऊन चालू लागतो. त्याने पोहणं असं कधी केलेलंच नसतं.

या कुळाने अंडी ठेवायला शोधलेल्या जागा पाहिल्या की मन भरून येतं. दक्षिणेला, तामिळनाडूतल्या कळक्काड-मुंडनथुरईच्या रानात राओर्केस्टिस चालाझोडीस नावाचा भाऊबंद आहे. तो बारीक बांबूच्या कांड्यात राहतो. कांड्याला एखादी अरुंद चीर असली की अंग चोरून आत शिरतो, मादी आत अंडी घालते आणि बाप तिथेच राहून अंड्यांची राखण करतो. शंभराहून अधिक वर्षं हा बेडूक कोणाला दिसलाच नव्हता. २०११ मध्ये तो पुन्हा सापडल्याचं जाहीर झालं आणि त्यानंतर काही वर्षांनी त्याच्या या बांबूतल्या संसाराची नोंद झाली. कांड्याच्या आतल्या त्या अंधाऱ्या, ओल्या हवेवर एक अख्खी पिढी तोलून धरलेली. बांबू तोडणाऱ्याला ते बाहेरून कळण्याचा काही मार्ग नाही.

बेडूकमासा गाळून टाकला म्हणजे पाण्यापासून सुटका झाली, असं वरवर वाटतं. मलाही ते आधी स्वातंत्र्यच वाटलं होतं. डबकं आटलं, माशांनी अंडी खाल्ली, पूर आला, यातलं काहीच आता त्याला लागू नाही. पण बेडकाच्या अंड्याला कवच नसतं. कोंबडीच्या किंवा पालीच्या अंड्याभोवती असतं तसं काहीच नाही, नुसता जेलीचा थर. आजूबाजूची हवा कोरडी झाली की ते सुकतं, एवढा साधा हिशेब. बेडकाची स्वतःची कातडीही अशीच. तो तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीने ओल शोषून घेतो. श्वासाचा मोठा भागही कातडीतूनच, आणि ती ओली असेल तरच. शिवाय शरीर जितकं लहान तितकं ते आकाराच्या मानाने लवकर सुकतं. म्हणजे इंचभर बेडकाने तळं सोडलं ते दुसऱ्या एका पाण्याच्या भरवशावर. झाडांच्या छपराखाली थांबलेली दमट हवा, खोडावरचं शेवाळ, पानाच्या बेचक्यात साठलेले चार थेंब, पाचोळ्याखालची कधीही न वाळणारी माती. सगळं रानच त्याचं तळं झालं. त्या तळ्याला काठ नाही, तळ नाही, आणि ते आहे हे आपल्या लक्षात येत नाही. काका कोयता चालवत होते तेव्हा त्यांना झाडोरा दिसत होता. ते जे उपसत होते ते पाणी होतं.

आंबोलीत हे पाणी जास्तच मोलाचं आहे. केरळातल्या सदाहरित रानांना दोन्ही मोसमांचा पाऊस मिळतो, कोरडे महिने थोडे. आपल्याकडे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आंबोलीतही तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात कोसळून जातो. चार महिने ढगात बुडालेलं गाव, आणि मग सात-आठ महिने आभाळ कोरडं. पर्जन्यवनाचं आयुष्य जगायला इथल्या बेडकाला वर्षाचा तिसरा हिस्सा मिळतो. त्यात जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, ती फुटायची, पिल्लाने खाऊन अंगावर थोडं काही साठवायचं. बाकीचे दिवस सालीच्या फटीत, दगडाखाली, कुठेतरी अंग आखडून काढायचे. एप्रिलमध्ये मी त्याच रानात गेले आहे. उघड्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट माथ्यावर, दगड तव्यासारखा तापलेला असतो, पण अंजनी, जांभूळ, पिसा यांच्या दाट सावलीत शिरलं की चेहऱ्याला गारवा लागतो, आणि पाचोळ्याचा वरचा थर चुरचुरीत असला तरी बोट खाली खुपसलं की मातीला थोडी ओल असते. ती ओल पुढच्या पावसापर्यंत टिकवण्याचं काम ती सावली करते. खालचा झाडोरा गेला की वारा जमिनीपर्यंत पोचतो आणि आठवड्यात माती खडखडीत होते.

आंबोलीतच हिरण्यकेशीचा उगम आहे. महादेवाच्या देवळापाशी गुहेतून पाणी येतं, कुंडात पडतं. त्या पाण्यात एका लहानशा माशाची नवी जात सापडली, २०२० मध्ये तिला स्किस्टुरा हिरण्यकेशी असं नाव मिळालं आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने तिथला २.११ हेक्टर परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केला. मला त्याचा मनापासून आनंद झाला होता, आजही आहे. देवाच्या कुंडातला मासा म्हणून गावानेही तो आपला मानला. पण त्या कुंडापाशी उभं राहिलं की झुडपी बेडकाची आठवण येऊन मी अस्वस्थ होते. माशाचं घर दाखवता येतं. बोट करून सांगता येतं, इथून इथपर्यंत. नकाशावर रेघ ओढता येते, पाटी लावता येते. सड्यावरच्या आंबोली टोड नावाच्या बेडकाचीही निदान खूण पटते. अंगावर वाघासारखे पट्टे म्हणून शास्त्रीय नावात टायगरिना, विणीच्या दिवसांत नर पिवळे होतात, पहिल्या पावसाने जांभ्याच्या खोलगटात पाणी साठलं रे साठलं की त्यात अंडी घातली जातात आणि पाऊस दडी मारण्याआधी पिल्लांना तिथून निघावं लागतं. त्याने उथळ डबक्यावर सगळं डावाला लावलेलं आहे. तोही भयंकर संकटात आहे, पण त्याचा सडा वाचवा असं म्हणता तरी येतं. झुडपी बेडकासाठी काय वाचवा म्हणायचं? सातबाऱ्यावर दमट हवेची नोंद होत नाही.

या बेडकाची पहिली शास्त्रीय ओळख १९१९ सालची. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन ॲनन्डेल यांनी आता कर्नाटकात असलेल्या कॅसलरॉकच्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं. तो भाग तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून नावात मुंबई. त्याच्या सध्याच्या कुळाचं राओर्केस्टिस हे नाव २०१० मधलं, सी. आर. नारायण राव यांच्या स्मरणार्थ. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा हा माणूस बेडकांचा अभ्यास करायचा. १९३७ मध्ये त्यांनी दक्षिण भारतातल्या कितीतरी नव्या बेडकांची वर्णनं प्रसिद्ध केली, आणि ज्या नमुन्यांवरून ती लिहिली ते पुढे कॉलेजातून हरवले. त्यामुळे त्यांनी वर्णिलेला एखादा बेडूक नेमका कोणता, हे ठरवताना आजही अभ्यासकांची दमछाक होते. मला त्या बरण्यांचा विचार पुन्हा पुन्हा येतो. कोणीतरी रात्रीच्या पावसात चिखलात गुडघे टेकून पकडलेले, लेबल लावून ठेवलेले जीव, आणि एखाद्या कपाटाच्या साफसफाईत त्यांचं काय झालं ते कोणालाच सांगता येत नाही. आज त्यांच्या नावाच्या कुळात सत्तरहून अधिक जाती आहेत, बहुतेक सह्याद्रीच्या, आणि कित्येक अशा की एक-दोन डोंगर सोडून जगात कुठेच नाहीत. मधल्या कोरड्या, उष्ण खिंडी त्यांना ओलांडता येत नाहीत, म्हणून प्रत्येक माथ्यावर वेगळा बेडूक घडला. महाराष्ट्रातला राओर्केस्टिस घाटेई २०१३ मध्ये उजेडात आला, पुण्याचे प्राध्यापक हेमंत घाटे यांचं नाव घेऊन. इतक्या वर्दळीच्या, इतक्या तुडवलेल्या आपल्या घाटांतून इतक्या उशिरा.

खुद्द आंबोलीच्या नावाचाही एक झुडपी बेडूक आहे, स्यूडोफिलॉटस आंबोली, २००९ मध्ये नाव मिळालेला. त्याचे बहुतेक सगळे नातलग समुद्रापलीकडे श्रीलंकेत आहेत. त्यांच्याकडे पाहिलं की पोटात खड्डा पडतो. त्या बेटाच्या ओल्या भागातलं जुनं जंगल कॉफीच्या आणि चहाच्या मळ्यांनी गिळलं, आणि या कुळातल्या डझनाहून जास्त जाती आज फक्त संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांवरून ठाऊक आहेत. त्यांचा आवाज कसा होता हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. २०२३ मध्ये जगभरच्या उभयचरांची जी पाहणी प्रसिद्ध झाली तिच्यात ४१ टक्के जाती धोक्यात असल्याचं निघालं. पक्ष्यांपेक्षा, सस्तन प्राण्यांपेक्षा हे प्रमाण जास्त आहे. आकडा वाचून माणूस मान हलवतो आणि पुढच्या बातमीकडे जातो. मलाही त्या आकड्यापेक्षा पायऱ्यांकडून न आलेला आवाज जास्त लागला.

आता आंबोलीत बेडूक बघायला माणसं येतात. हे मला चांगलं वाटतं. धबधब्याखाली भिजायला आणि काचा फोडायला येणाऱ्या गर्दीपेक्षा, पावसात टॉर्च घेऊन पानं निरखणारी पंधरा-वीस माणसं कितीतरी बरी. गावातल्या तरुण मुलांना त्यातून काम मिळालं, आणि ती मुलं आवाजावरून जात ओळखतात, हे ऐकताना उर भरून येतो. पण फोटोसाठी बेडूक उचलून ‘चांगल्या’ पानावर ठेवणारे हातही मी पाहिले आहेत. त्या हातांना डासांचं मलम लावलेलं असतं, आणि बेडकाची कातडी भेद करत नाही, पाणी घेते तसं तेही घेते. प्रखर दिव्याखाली नर गप्प होतो. एक घोळका गेला की दुसरा येतो, मग तिसरा. चार महिन्यांच्या हंगामातले त्याचे बोलण्याचे तास आपण खात असतो. त्याला पाहिल्याशिवाय त्याच्याविषयी प्रेम वाटत नाही हे खरं, आणि पाहायला गेलं की त्याचं काहीतरी घ्यावं लागतं हेही खरं. यातून मला वाट सापडलेली नाही. दिवा लावून एकदा बघावं, आणि मग विझवून ऐकत बसावं, एवढंच मी करते. अंधारात बसायला कंटाळणारी मुलंही दहा मिनिटांत आवाज वेगळे करू लागतात, हा जवळ, तो लांब, हा आत्ता सुरू झाला.

साफसफाईचं काय करायचं, हा प्रश्न मात्र इतका अवघड नाही. घराभोवती, रस्त्याकडेला, देवळामागे वाढलेली झाडी आपल्याला गबाळी वाटते, आणि नेमकी ती पावसाळ्यात वाढते म्हणून नेमकी पावसाळ्यात कापली जाते. जुलै-ऑगस्टमध्ये घाटातून येताना रस्त्याची कड तासलेली दिसते, पाहुणे येणार म्हणून अंगण तासलेलं दिसतं. हेच दिवस अंड्यांचे. वळणावर समोरची गाडी दिसायला हवी, तिथे कापावंच लागेल. दारापुढे साप दडू नये म्हणून मोकळी जागा हवी, ती असू द्यावी. पण सरळ रस्त्याची कड, कुंपणाची बाहेरची बाजू, व्हाळाचे दोन्ही काठ, पायरीपासून पाच-सहा हातांपलीकडचा उतार, हे सगळं दसऱ्यापर्यंत थांबू शकतं. तोवर पाऊस संपलेला असतो, अंडी फुटून पिल्लं पांगलेली असतात, आणि कारवी-दिंड्याला कोयता लावला तरी तेवढं नुकसान होत नाही. त्यातही पाचोळा जाळू नये, जागेवर राहू द्यावा. ग्रामपंचायतीला एक साधा ठराव पुरेल, रस्त्याचं काम घेणाऱ्याला कंत्राटात एक ओळ पुरेल. हे मी काकांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी पाहुण्यांची भीती, सापाची भीती, कामाला मिळणारे गडी, सगळं मोजून दाखवलं, आणि व्हाळाकाठचं गवत गणपतीच्या आधी काढावंच लागतं, गुरांना लागतं, असंही म्हणाले. ते बरोबर आहे. मग आम्ही व्हाळाचा कुठला काठ ठेवायचा यावर बराच वेळ बोलत राहिलो. पलीकडचा काठ दुसऱ्या वाडीचा निघाला, तिथे कोणाला विचारायचं ते काकांनी मला सांगितलं आहे.